कूट नसलेलं घर

माझ्या लेकीचं घर लंडनच्या वायव्येला, हॅरो भागात आहे. तिच्या स्वयंपाकघरात गोडा मसाला आहे, ज्वारीचं पीठ आहे, पुरणयंत्र आहे, मोदकाचे साचे आहेत. दाण्याचं कूट नाही. भरल्या वांग्यात ती सुकं खोबरं आणि डाळ्याची पूड घालते, काकडीच्या कोशिंबिरीला नुसतीच फोडणी देते, आणि एकादशीला तिच्याकडे वरीचे तांदूळ नि बटाट्याची भाजी होते. मी सोलापूरची. शेंगा चटणीशिवाय पान वाढलं तर आमच्याकडचा माणूस आधी पानाकडे आणि मग वाढणारीकडे बघतो. लेकीकडे गेले की माझ्या बॅगा दारातच उघडल्या जातात. कुणी प्रेमाने दिलेली चिक्की, दाण्याचा लाडू, चिवड्याचं पाकीट त्यात निघालं तर ते उंबरा न ओलांडता शेजारच्या गुजराती बाईंकडे जातं. त्या माझी वाटच बघत असतात असं मला हल्ली वाटायला लागलंय.

नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

ती ऑगस्ट 2017 मधली. तिसऱ्या महिन्यापासून गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत एक्झिमा. रात्र रात्र खाजवायची, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. पुढच्या वर्षीच्या आषाढी एकादशीला मी तिकडेच होते. खिचडी केली होती. पोरगी रांगत रांगत आईच्या ताटाशी आली आणि तिने मुठीत आले तेवढे साबुदाणे तोंडात कोंबले. सगळे हसले.

पाचेक मिनिटांत हनुवटीभोवती लाल चट्टे दिसायला लागले. मग मानेवर गांधी उठल्या, खालचा ओठ सुजला, आणि ती भडाभडा ओकली. इथवर आपल्याकडे ‘पित्त उठलं’ म्हणून कोकम लावून भागवलं असतं. पण रडण्याचा आवाज घोगरा झाला, आणि थोड्या वेळाने ती रडायचीच थांबून आईच्या खांद्यावर लोळागोळा होऊन पडली. रडणं थांबलं म्हणून मला जरा हायसं वाटलं. जावई मात्र तोवर 999 वर बोलत होता. रुग्णवाहिकेतल्या मुलीने आल्या आल्या एक नजर टाकली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिन टोचलं. काही मिनिटांत पोरीचे ओठ पुन्हा गुलाबी झाले आणि तिने त्या मुलीच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढायला घेतलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. ॲड्रेनलिन म्हणजे ‘लढा किंवा पळा’चं संप्रेरक, एवढं फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. ते प्रत्यक्ष काम करताना तेव्हाच पाहिलं. अशा झटक्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते. ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं. सेट्रिझिनच्या गोळीने खाज आणि गांधी कमी होतात; श्वास आणि रक्तदाब तिच्या हातात नाहीत. ‘आधी गोळी देऊन बघू, नाही उतरलं तर दवाखान्यात नेऊ’ या आपल्या सवयीत हातची वेळ निघून जाते, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे. रुग्णाला आडवं करून पाय थोडे उंच करायचे, श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवायचं, पण उठवून उभं करायचं नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं इंजेक्शन. त्यासाठीच तिकडे पेनसारखी इंजेक्शनं जोडीने जवळ ठेवायला सांगतात. आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबवतात, कारण लक्षणं ओसरून पुन्हा उलटू शकतात.

पुढे तपासणी झाली, तीही मी पाहिली. नर्सने नातीच्या इवल्याशा हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब: शेंगदाण्याचा, काजूचा, तिळाचा, अंड्याचा. एक थेंब हिस्टामाइनचा, तो फुगायलाच हवा. एक साध्या खारट पाण्याचा, तो फुगता कामा नये. या दोन थेंबांनी माझ्यातली शिक्षिका खूश झाली. प्रयोग म्हटला की तुलनेला काहीतरी हवंच. मग प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने त्वचेला जराशी टोच. रक्त नाही, रडणं मात्र भरपूर. पंधरा मिनिटांनी शेंगदाण्याच्या जागी डास चावल्यासारखा फुगवटा उठला होता. नर्सने पारदर्शक पट्टी लावून तो मिलिमीटरमध्ये मोजला आणि वहीत लिहिला. काजू आणि तीळ सुटले. अंडंही सुटलं.

हरभरा, तूर, मूग तर तिला पहिल्यापासूनच चालत होते. शेंगदाणा खरं तर त्यांच्याच कुळातला, शेंगेत आणि तोही जमिनीखाली धरणारा. बदाम-अक्रोडांशी त्याचं नातं नाही. तरी शेंगदाणा सोसत नाही म्हणून सगळ्या डाळी बंद कराव्या लागतात असं नसतं. ॲलर्जी होते ती त्यातल्या काही ठरावीक प्रथिनांची. शास्त्रज्ञांनी त्यांना भुईमुगाच्या लॅटिन नावावरून ‘ॲरा एच’ आणि पुढे एक आकडा अशी नावं दिली आहेत. त्यातलं दोन नंबरचं जास्त खोडकर. आणि गंमत म्हणजे दाणे भाजले की ही प्रथिनं प्रतिकारयंत्रणेच्या डोळ्यांत अधिक खुपतात, उकडले की कमी. म्हणजे आमची खमंग भाजून केलेली चटणी या हिशेबात सर्वांत वाईट, आणि पावसाळ्यात गाडीवर मिळणाऱ्या उकडलेल्या शेंगा त्यातल्या त्यात सौम्य. अर्थात ॲलर्जी असलेल्या पोराला उकडलेल्याही द्यायच्या नाहीत, हे सांगायला नकोच.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कूट खाल्लं, तिच्या आईने बाळंतपणातही खाल्लं, त्या घरातल्या पोरीला हे व्हावंच कसं? सोलापुरात बायका म्हणाल्या, ‘तिकडच्या हवेचं असेल.’ एकीने दृष्ट काढायला सांगितली. मी वाचायला बसले.

या विषयात ज्यांचं नाव टाळून पुढे जाताच येत नाही ते डॉ. गिडियन लॅक, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले बालरोग-ॲलर्जीतज्ज्ञ. त्यांच्या गटाने 2003 साली एक गोष्ट दाखवून दिली होती. ब्रिटनमध्ये बाळांच्या त्वचेला लावायच्या काही मलमांत शेंगदाण्याचं तेल असे. ज्या बाळांच्या खरजल्या, फुटक्या कातडीवर अशी मलमं लागली होती त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. आई गरोदरपणी काय खात होती याचा मात्र तसा संबंध दिसला नाही. त्यावरून एक विचार पुढे आला: अन्न पहिल्यांदा तोंडावाटे आतड्यात गेलं तर शरीर त्याला आपलं म्हणतं, आणि फुटलेल्या त्वचेवाटे आत शिरलं तर शत्रू समजतं. आतड्याला रोज परकं अन्न पचवायचं असतं, म्हणून ते सोशीक. त्वचेचं काम राखणीचं. तिथून काही आत आलं म्हणजे चोरच, असा तिचा हिशेब.

मग त्याच गटातल्या डॉ. हेलन ब्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातली धूळ तपासली. ज्या घरात दाणे जास्त खाल्ले जातात तिथल्या धुळीत, अंथरुणात, पाळण्यात शेंगदाण्याचं प्रथिन सापडतं. आणि ज्या बाळांची त्वचा जन्मजात कमकुवत किंवा एक्झिमाने उघडी पडलेली असते, त्यांच्यात धुळीतल्या या प्रथिनाबरोबर ॲलर्जीचा धोका वाढतो. हे वाचलं तेव्हा मला लेकीच्या घरातला मिक्सर दिसला. झाकण काढलं की उडणारी भाजक्या दाण्यांची बारीक पूड, ओट्यावर, हातावर, पदरावर. त्याच हातांनी आम्ही बाळाला उचलत होतो. घरभर शेंगदाणा, बाळाच्या कातडीवर शेंगदाणा, फक्त बाळाच्या तोंडात शेंगदाणा नाही. एक्झिमा आहे म्हणून ‘जड’ पदार्थ वर्षभर द्यायचे नाहीत, असं ओळखीपाळखीच्या सगळ्यांनीच सांगितलेलं.

हा सल्ला ओळखीपाळखीच्यांनी आपल्या मनाने काढलेला नव्हता. 1998 साली ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ समितीने सांगितलं होतं की ज्या घरात ॲलर्जी, दमा, एक्झिमा आहे तिथल्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी शेंगदाणे टाळलेले बरे, आणि अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत ते देऊ नयेत. 2000 साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तसंच सांगितलं. लोकांनी ते इमानेइतबारे पाळलं. अमेरिकेत ठरावीक वर्षांनी फोनवरून केलेल्या पाहण्यांत मुलांमधली शेंगदाण्याची ॲलर्जी 1997 साली 0.4 टक्के होती, 2002 साली 0.8, 2008 साली 1.4. टाळण्यामुळेच ती वाढली असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पण टाळून ती थांबली नाही, एवढं उघड होतं. 2008 मध्ये अमेरिकेने आणि 2009 मध्ये ब्रिटनने तो सल्ला मागे घेतला. कागदावरून गेला, पण डोक्यातून निघायला वेळ लागतो. माझ्या लेकीच्या कानावर तो 2018 सालीही पडत होता.

मला या सगळ्यात एकच गोष्ट खटकते. एखादी गोष्ट द्या म्हणायची असेल तर आपण पुरावा मागतो, आणि देऊ नका म्हणायची असेल तर मागत नाही. ‘नको’ म्हणण्यात धोका नाही असं आपण धरूनच चालतो. आयांच्या बाबतीत हे फार चालतं. बाळंतिणीला हे नको, बाळाला ते नको, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं: नाही दिलं म्हणून बिघडतंय काय? बिघडतं. या बाबतीत ते मोजूनच पाहिलं गेलं.

लॅक इस्रायलमध्ये व्याख्यानाला गेले होते. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं मूल कुणाकुणाकडे आलं? ब्रिटनमध्ये हाच प्रश्न विचारला की सभागृहातले बहुतेक हात वर जात. तेल अवीवमध्ये जेमतेम दोन-तीन गेले. तिथली बाळं दात यायच्या आधीपासून बांबा नावाचे मक्याचे कुरकुरे चोखतात, आणि त्यात निम्म्याच्या आसपास शेंगदाणा असतो. मग त्यांनी ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली. वंश सारखा, देश वेगळा. 2008 साली आलेल्या त्या अभ्यासात ब्रिटनमध्ये ॲलर्जीचं प्रमाण 1.85 टक्के निघालं, इस्रायलमध्ये 0.17. दहापटीहून जास्त फरक. 8 ते 14 महिन्यांच्या वयात इस्रायली बाळाच्या पोटात महिन्याला साधारण 7 ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन जात होतं, ब्रिटिश बाळाच्या पोटात शून्य.

पण तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. प्रयोग पुढे झाला, त्याचं नाव लीप. 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं, सगळी जोखमीची, म्हणजे तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही असलेली. चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाने पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळायचा. दुसऱ्याने आठवड्यातून किमान तीनदा खायचा, मिळून 6 ग्रॅम प्रथिन. दाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिन असतं, तेव्हा आपल्या भाषेत आठवड्याला मूठभर कूट. 2015 च्या फेब्रुवारीत निकाल आला. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांची त्वचा फुगली नव्हती अशा मुलांत टाळणाऱ्यांपैकी 13.7 टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी 1.9 टक्क्यांना. ज्यांच्या त्वचेवर आधीच थोडा फुगवटा आला होता, म्हणजे गाडी रुळावरून उतरायला लागली होती, त्यांच्यातही 35.3 विरुद्ध 10.6.

पुढे याच मुलांना वर्षभर दाणे बंद करून पाहिलं, तरी खाल्लेल्यांचं संरक्षण टिकलं. ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. मधली वर्षं ज्याला हवं त्याने हवं तसं खाल्लं होतं. 2024 मध्ये त्याचा निकाल आला: लहानपणी टाळलेल्यांत 15.4 टक्क्यांना ॲलर्जी, खाल्लेल्यांत 4.4. औषध नाही, लस नाही, महाग काही नाही. 2017 मध्ये अमेरिकेने लहानपणीच दाणे सुरू करण्याच्या सूचना काढल्या, आणि 2025 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात तिथल्या लहान मुलांतली शेंगदाण्याची ॲलर्जी 40 टक्क्यांहून जास्त कमी झालेली दिसली.

‘आपल्याकडे कुठे असली थेरं?’ हे मी सोलापुरात फार ऐकते. कर्नाटकात, बेंगळुरू-म्हैसूर भागात प्रौढांची पाहणी झाली होती. चौघांत एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, पण खरोखरची अन्नाची ॲलर्जी शंभरात एकाच्या आसपास. तेव्हा आपल्याकडे ती कमी आहे हे खरंच. (आणि याच आकड्यांवरून हेही कळतं की नुसत्या रक्ताच्या तपासणीवरून पाच-पंचवीस पदार्थांची ‘ॲलर्जी’ लिहून देणाऱ्या प्रयोगशाळांच्या पॅकेजचं काय करावं.) पण हे काही आपल्या रक्ताचं कवच नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची माहिती तपासली तेव्हा आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्या मुलांपेक्षा तिथेच जन्मलेल्या आशियाई वंशाच्या मुलांत शेंगदाणा-काजूवर्गाची ॲलर्जी जास्त निघाली. आईबाप तेच, आजीआजोबा तेच. पहिली एकदोन वर्षं कुठे गेली एवढाच फरक. मेलबर्न, लंडन, न्यू जर्सीत नातवंडं असलेल्या माझ्या वयाच्या बायकांनी ‘आपल्याकडे नसतं’ हे वाक्य विमानात बसायच्या आधी सोडून द्यावं.

आता कुणाच्या घरी बाळ झालं की मी न विचारता सांगते. घन अन्न सुरू करण्याच्या सुमाराला, म्हणजे सहाव्या महिन्याच्या आसपास आणि चौथ्याच्या आत कधीच नाही, इतर एकदोन पदार्थ पचायला लागले की दाणे सुरू करा. आख्खा दाणा किंवा अर्धुक नाही; पाच वर्षांच्या आत ते घशात अडकण्याची भीती असते. ताजे दाणे, बुरशी किंवा खवटपणा नसलेले, भाजून मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करायचे आणि नाचणीच्या सत्त्वात किंवा भाताच्या पेजेत पातळ कालवायचे. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर. दहा मिनिटं बघा, मग उरलेलं. दिवसा द्या, बाळ ठणठणीत असताना द्या, निजायच्या वेळी नको. एकदा सोसलं की सोडू नका. उष्टावणाच्या हौसेने एकदा चाटवलं आणि वर्षभर विसरलं, याचा उपयोग नाही. आणि बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल तर हा प्रयोग घरी न करता आधी बालरोगतज्ज्ञांना गाठा. पण लवकर गाठा, कारण अशाच बाळांना याचा फायदा सर्वांत जास्त आणि उशिराचा तोटाही त्यांनाच.

ज्यांना ॲलर्जी झालीच, त्यांचं काय? पाचांतल्या एकाची वाढत्या वयाबरोबर आपोआप जाते. नातीची गेली नाही. 2022 साली ब्रिटनमध्ये 4 ते 17 वयाच्या मुलांसाठी पाल्फोर्झिया नावाच्या औषधाची शिफारस झाली. अमेरिकेने त्याला 2020 च्या जानेवारीतच मंजुरी दिली होती. औषध म्हणजे काय तर शेंगदाण्याचं पीठ, प्रथिनाचं प्रमाण काटेकोर मोजलेलं. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पहिल्या दिवशी दवाखान्यात अर्धा मिलिग्रॅम, मग हळूहळू सहापर्यंत, दर थोड्या वेळाने थांबून बघत. एका दाण्यात साधारण 300 मिलिग्रॅम प्रथिन धरलं तर सुरुवात दाण्याच्या सहाशेव्या भागापासून. त्यानंतर घरी रोज 3 मिलिग्रॅम, आणि दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन एक पायरी वर: 6, 12, 20, 40, असं करत 300. अकरा पायऱ्या, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाच महिने.

मी त्या काळात तिकडे होते, म्हणून तो संध्याकाळचा सोहळा ठाऊक आहे. आधी पोटभर काहीतरी खायला घालायचं, रिकाम्या पोटी डोस नाही. मग लेक दोन बोटांनी कॅप्सूल पिळून उघडायची, वाटीतल्या दोन चमचे दह्यावर पूड पाडायची, कॅप्सूलची टोपणं उलटी करून टिचकी मारायची, कण राहू नये म्हणून, आणि लगेच हात साबणाने धुवायची. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने हे प्रथिन जात नाही. डोसानंतर तीन तास धावपळ नाही, गरम पाण्याने अंघोळ नाही, आणि निजायच्या आधी किमान दोन तास तरी डोस झालेला हवा. शरीर तापलं किंवा दमलं की एरवी सोसलेलं प्रमाणही उलटतं. पाच वर्षांच्या पोरीला संध्याकाळी तीन तास धावू द्यायचं नाही हे ज्यांना सोपं वाटतं त्यांनी करून बघावं. आम्ही पत्ते खेळायचो. बदाम सात ती माझ्याकडून शिकली ती अशी. ताप आला की डोस थांबवायचा आणि दवाखान्यात विचारायचं. 80 च्या पायरीवर तिच्या पोटात दुखायला लागलं, तोंड खाजायचं, रोज वाटी बघून डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी एक पायरी खाली उतरवलं आणि महिन्याभराने पुन्हा चढवलं.

या औषधाची मोठी चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर 600 मिलिग्रॅम, म्हणजे दोनेक दाणे, औषध घेतलेल्यांपैकी 67 टक्के मुलांना सोसले. नुसतं खोटं पीठ खाल्लेल्यांत 4 टक्क्यांना. पण औषधाच्या गटात 11.6 टक्के मुलांनी त्रासामुळे मध्येच सोडलं, आणि सातांत एकाला त्या काळात ॲड्रेनलिन टोचावं लागलं. शिवाय हा आजार बरा होणं नव्हे. रोजचा डोस चालू आहे तोवर चुकून पोटात गेलेल्या दाण्याने जीव जाऊ नये, इतकंच यातून मिळतं. लाडू खाता यावा हा यातला हेतू नाही, हे मला समजायला वेळ लागला नाही, पण पचायला लागला.

फार लहानपणी सुरू केलं तर चित्र जरा बरं दिसतं. एक ते चार वर्षांच्या आतल्या 146 मुलांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत अडीच वर्षांच्या उपचारानंतर 71 टक्क्यांना 5000 मिलिग्रॅम सोसलं; आणि सहा महिने सगळं बंद ठेवून पुन्हा तपासलं तेव्हाही 21 टक्क्यांना सोसत होतं. वय जितकं कोवळं तितकी ही शक्यता जास्त होती. त्वचेवर लावायच्या पट्टीच्याही चाचण्या झाल्या आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने दम्यासाठी वापरलं जाणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन अन्नाच्या ॲलर्जीसाठीही मंजूर केलं. ते शेंगदाणा, दूध, अंडं असा भेद करत नाही, ॲलर्जी पेटवणारी प्रतिद्रव्यंच पकडून ठेवतं. त्याच्या चाचणीतही 67 टक्क्यांना 600 मिलिग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन सोसलं. पण तेही चालू आहे तोवरच, आणि किंमत ऐकली की आपला रक्तदाब मोजून घ्यावा.

नातीला घेऊन लेक दोनदा सोलापूरला येऊन गेली. ती येणार म्हटलं की आधी आमच्या घराची झडती. उखळ अडगळीत, मिक्सरचं भांडं नवीन, तेल सूर्यफुलाचं. नातेवाइकांना वाटे, नुसत्या वासाने पोरीला काही होईल, म्हणून ते तिला लांबूनच बघत. वासाने होत नाही. खमंग वास हा भाजताना सुटणाऱ्या उडत्या रसायनांचा. त्यात प्रथिन नसतं. भीती आहे ती कुटाने माखलेल्या हातांची आणि ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणत तोंडाशी घास नेणाऱ्या प्रेमळ माणसांची. लग्नाच्या पंगतीत आमटीत कूट आहे का असं विचारलं की आचारी हमखास ‘नाही’ म्हणतो आणि वाटणात असतं. पाकिटावर बघायला निदान सोय आहे. आपल्याकडच्या लेबलांच्या नियमांत शेंगदाण्याचा उल्लेख करणं सक्तीचं आहे. फरसाण मात्र आपण अजून किलोवर कागदात बांधून घेतो, त्याला लेबल कुठलं?

आणि पेनं. तिकडे शाळेत दोन, घरी दोन. इथे ती दुकानात मागितली तर औषधवाला लिहायचं पेन काढून दाखवतो. ॲड्रेनलिनची साधी काचेची कुपी मात्र आपल्याकडे स्वस्त मिळते, पण घाबरलेल्या आईने कुपी फोडून, सिरिंजमध्ये मोजून, योग्य जागी टोचायचं म्हणजे कसरत आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्यावा आणि ते टोचायला शिकून घ्यावं. आम्ही सोलापुरातल्या मुक्कामात जवळच्या बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी भेटून ठेवायचो.

आता ती आठ वर्षांची आहे. रोज मोजून दाणा खाते, औषध म्हणून, नाक दाबून. तिला ती चव अजिबात आवडत नाही, आणि या उपचारातल्या पुष्कळ मुलांचं असंच असतं म्हणे. चटणीसाठी जीव टाकणाऱ्या घराण्यात असं निघावं! हा डोस किती वर्षं चालवायचा, की ओमालिझुमॅबचा विचार करायचा, यावर लेक-जावयाचं एकमत व्हायचंय. मोठ्या शाळेत जायच्या आधी ठरवू म्हणतात, कारण पुढची वयं बेपर्वाईची. सध्या तिच्या दप्तरात दोन खरी पेनं आहेत आणि एक सरावाचं, सुई नसलेलं. निळी टोपी आकाशाकडे, नारिंगी टोक मांडीकडे, असं म्हणत ते मैत्रिणींच्या मांडीवर दाबून दाखवण्याचा तिला भारी नाद. त्यावरून शाळेतून एकदा चिठ्ठीही आली. पण वर्गातल्या निम्म्या पोरींना आता पेन कसं धरायचं ते येतं.